पांढऱ्या साडीची जाहिरात

गजेंद्रचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं तापतं. अमरावतीचा जाहिरातवाला. "ताई, फेसबुकवर पैसे लावा, गिऱ्हाईक दारात," म्हणाला आणि मी भुलले.

अकोल्यात माझं साड्यांचं दुकान. आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. तसल्या काठापदराच्या साड्या मी ठेवते. समाजाचा भरवसा आहे तोवर दुकान, तो गेला की शटर ओढायचं. गजेंद्रला फोटो दिले, पांढऱ्या साड्या खपल्या पाहिजेत एवढंच सांगितलं. पांढरी साडी कशासाठी, हे कुणाला सांगावं लागतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

हिवरखेडच्या जाईबाई नातीच्या लग्नाची साडी घ्यायला येणार होत्या. आल्या त्या भांडायलाच. मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. माझ्याच साड्या, वर लिहिलेलं: 'दुःखाच्या प्रसंगी साधेपणा. खास ज्येष्ठ महिलांसाठी.'

"काहून व सीमा, आमच्या पोरीच्या लग्नाच्या साड्या तू मयतीच्या मनून विकून राहिली?"

"आजी, मी नाही लिवलं ते."

"दुकान कोनाचं हाये? तुहंच न?"

नात पिंकी दारातच थांबली होती, डोळे भरलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिथंच गजेंद्रला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, साठीच्या वरच्या बायायलेच दाखवून राहिलो. पांढरी साडी दुसरं कोन घेते? कॉमेंट पाह्यल्या का? रेकॉर्ड हाये!"

कॉमेंट सगळ्या शिव्यांच्या होत्या. लोक जितके चिडत होते तितकी ती जाहिरात आणखी लोकांपुढे जात होती, आणि वरून पैसे माझेच.

जाईबाईंनी फोन हिसकावला. "मी घेतली रे पांढरी, माह्या लग्नात! माह्या पोरीनंबी घेतली. तुले काय समजते?"

तो म्हणतो, "मंग ताई, लाल टाकू काय?"

"बंद कर ते, आत्ताच्या आत्ता!" आजींच्या हातून फोन घेत मी ओरडले. फोन ठेवून वळले तर आजी नातीचा हात धरून रस्त्याला लागल्या होत्या.

नवी जाहिरात मी स्वतः केली. माझ्याच लग्नातला फोटो, वर ठळक 'लग्नाची साडी'. दाखवायची ती लग्नाच्या पोरींना आणि त्यांच्या आयांना, अकोला, अकोट, तेल्हारा एवढ्याच भागात. कॉमेंट चारदोनच आल्या, पण विचारणारे फोन येऊ लागले. मला वाटलं, निभावलं.

मग पिंकीचं लग्न आलं. समाजातलं लग्न, जावंच लागलं. पोरगी पांढऱ्या साडीत फार गोड दिसत होती. माझ्या शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "जाईबाई, साडी कुठून घेतली व?"

जाईबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि भरमांडवात ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अमरावतीहून. अकोल्यात लग्नाच्या भेटत नाहीत."