बारा, आठ, सहा, एकोणतीस

ऋत्विकला रातांबे कधी नीट काढता आले नाहीत. मे महिन्यात आजोळी पूर्णगडला गेलो की आम्ही सगळी पोरं झाडाखाली, आणि हा आपला टोपलीत लाल पिकलेल्यांबरोबर निम्मे हिरवे घेऊन यायचा. आई म्हणायची, लक्ष कुठे असतं याचं. मी तर सरळ आंधळा म्हणायचे. धाकट्या भावाला काय म्हणावं याला काही कायदा नसतो. पण अकरावीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालेलं त्याला कळलंच नाही. सर सगळ्यांसमोर ओरडले. घरी येऊन त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, फिकट गुलाबी म्हणजे नक्की कसं दिसतं?" तेव्हा मला माझी लाज वाटली.

मी मोबाईलवर डोळे तपासायची ती चित्रं शोधून काढली. रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. पहिल्या चित्रातला बारा त्याला दिसला. तो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या चित्रात आठ होता, त्याच्यापुढे सहा, मला अगदी ढळढळीत दिसत होते. तो मात्र चित्राकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता.

दुसऱ्या घरात यावर हसून झालं असतं. शर्ट घ्यायला जाताना ताईला ने म्हणाले असते. आमच्या घरात तसं नव्हतं. बाबा बावीस वर्षं बोटीवर आहेत, आता बोसन. म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम, पण वरच्या ऑफिसरला, तो पंचविशीतला असला तरी, सर म्हणायचं. ऋत्विक ऑफिसर होणार हे त्यांनी तो चालायला लागायच्या आधी ठरवलं होतं. दहावीनंतर सायन्स त्यासाठी, गणिताचा क्लास त्यासाठी, बारावीनंतरची प्रवेश परीक्षा त्यासाठी. आणि ऋत्विकलाही मनापासून तेच हवं होतं, हीच तर खरी पंचाईत. रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर बसून लांबून जाणाऱ्या जहाजाचं नाव मोबाईलवर शोधायचं, हा त्याचा खेळ. बोटीवरचे ऑफिसर तयार करणाऱ्या मुंबईच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र एक ओळ होती: रंग ओळखता न येणाऱ्याला प्रवेश नाही.

ती ओळ मी वाचली आणि ठरवलं की चित्रांतले आकडे पाठ करायचे, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीत निभावेल. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, प्राणिशास्त्र घेतलेलं. पाठांतर हा माझा हातखंडा. रोज संध्याकाळी दार लावून आम्ही बसायचो. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा. पाढ्यांसारखं. डॉक्टर मधलंच पान उघडतील म्हणून मी त्याला खुणाही शिकवल्या, या चित्रात वरच्या कडेला दोन मोठे ठिपके जोडलेले, त्यात डावीकडे एक एकटा. आईला वाटायचं गणित चाललंय. ती त्याच्या ताटात बांगड्याची एक तुकडी जास्त वाढायची. ती तुकडी तो हळूच माझ्या ताटात सरकवायचा.

मुंबईला प्रवेशाच्या वेळी तपासणी असते, पुढे नोकरीतही पुन्हा पुन्हा असते. तो मला विचारायचा, तेव्हा काय करायचं? मी म्हणायचे, तेव्हाचं तेव्हा बघू. मोठी बहीण म्हणून मी फार हुशार होते. सहामाहीला त्याचे फिजिक्सचे मार्क घसरले, तो झोपेत आकडे बडबडायला लागला, तरी मी थांबले नाही. बाबांचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता. त्यासाठी मी पोराच्या जिवाला वर्षभर घोर लावला.

डिसेंबरात बाबा सुट्टीवर आले. जानेवारीत परत जायच्या आत डोळे इथेच रत्नागिरीत एकदा दाखवून घेऊ, म्हणजे आपण निर्धास्त, असं त्यांनी ठरवलं. शनिवारची वेळ मिळाली. गुरुवारी ते म्हणाले, आधी पूर्णगडला जाऊन आजोबांच्या पाया पडू. आईचे वडील, हरिश्चंद्र आजोबा, तीस वर्षं मासेमारीच्या बोटीचे तांडेल होते. बोट त्यांच्या शब्दावर चालायची. समुद्राचं काही करायचं तर त्यांचा आशीर्वाद पाहिजेच.

आजोबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. आई मामीबरोबर आत गेली, बाबा शेजारी कुणाला तरी भेटायला गेले. आजोबांनी ऋत्विकला जवळ बसवलं, विचारपूस केली, आणि मध्येच म्हणाले, हिरवा दोरा दे. समोर नायलॉनच्या दोऱ्याची दोन बंडलं पडली होती, एक लाल, एक हिरवं. ऋत्विकचा हात मध्येच थांबला. मी सवयीप्रमाणे डोळ्यांनी खूण केली.

"तिच्याकडं नको बघू," आजोबा म्हणाले. "दोऱ्याच्या टोकाला हात लाव."

एका दोऱ्याच्या टोकाला एक गाठ होती, दुसऱ्याच्या टोकाला दोन. ऋत्विकनं बोटांनी गाठी चाचपल्या आणि आजोबांकडे बघत राहिला. दोन गाठी म्हणजे हिरवा, आजोबांनी सांगितलं. त्या क्षणी मला आठवलं की रातांबे आजोबा नेहमी दाबून बघूनच काढायचे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, हे मी परीक्षेत आकृती काढून सहा मार्कांना लिहिलं होतं. आईला तो कुठून आला असेल, हे शोधायला मला घरातलं माणूस आठवलं नव्हतं.

मग ते हळू आवाजात बोलत राहिले. तीस वर्षं बोटीवर त्यांचा धाकटा भाऊ शेजारी उभा असायचा. समोरच्या बोटीचा दिवा लाल की हिरवा, म्हणजे ती कुठल्या अंगानं जातेय, हे तो सांगायचा आणि आजोबा बोट वळवायचे. कुणाला कधी कळलं नाही. एकदा भाऊ तापानं घरी होता. आजोबांना वाटलं, एका दिवसानं काय होतंय. समोरून ट्रॉलर आला, दिव्याचा रंग त्यांनी अंदाजानं धरला आणि बोट नको तिकडे वळवली. दोन्ही बोटींच्या मध्ये सापडून त्यांच्या एका खलाशाचा हात गेला. त्यानंतर त्यांनी तांडेलकी सोडली. घरात सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात.

"माज्या बाजूला भाव हुबा असायचा, म्हणून मी तांडेल," ते म्हणाले. "तुज्या बाजूला कोण हुबा ऱ्हानार, बाळा?"

निघताना आम्ही पाया पडलो, तेव्हा आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. यशस्वी हो, हे नेहमीचं काही ते बोलले नाहीत. बाबांना ते खटकलं, गाडीत दोनदा म्हणाले, म्हातारे थकले आता. शुक्रवारी संध्याकाळी मी दार लावून मोबाईल काढला, तर ऋत्विक म्हणाला, नको, येतंय मला सगळं. रात्रभर मला त्या शब्दांचा अर्थ लागेना. सांगून टाकेल असं वाटलं की बाबांचा पडलेला चेहरा दिसायचा. सांगणार नाही असं वाटलं की ट्रॉलर दिसायचा.

शनिवारी डॉक्टरबाईंनी ते पुस्तक उघडलं. बाबा मागे खुर्चीत, हातात कागदांची फाइल. मी दाराशी. पहिलं पान, ऋत्विक म्हणाला बारा. दुसरं, आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न. बाईंनी मान डोलावली. बाबा माझ्याकडे बघून हसले, आणि मला ओरडावंसं वाटलं. सहाव्या पानाला तो थांबला. बाबा पुढे झुकले.

"पुढचेपण येतात," ऋत्विक म्हणाला. "पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. पाठ आहेत. पण दिसत नाहीत. पहिला सोडला तर एकही कधी दिसला नाही."

बाबा म्हणाले, तो घाबरलाय, परत विचारा. बाईंनी दुसरं पुस्तक काढलं, परत विचारलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं. मग बाबांनी विचारलं, ऑपरेशन होतं का, चष्मा असतो का. त्या एवढंच म्हणाल्या की हे जन्माचं असतं, बाकी नजर उत्तम आहे. बाबांनी त्यांचे आभार मानले, फाइल काखेत घेतली आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला.

घरी न जाता रिक्षा त्यांनी जेट्टीपाशी थांबवली. कट्ट्यावर बसल्यावर विचारलं, किती दिवस चाललंय हे. मी म्हणाले, वर्षभर, मीच शिकवलं त्याला. "तू?" एवढंच म्हणाले. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. दिवस मावळला. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या बोटी बाहेर पडायला लागल्या आणि त्यांचे दिवे एकेक करून दिसायला लागले. आता कुठलं कॉलेज, कुठला फॉर्म, बारावीच्या परीक्षेला दोन महिने राहिलेत, सगळं माझ्या डोक्यात एकदमच फिरत होतं.

ऋत्विक उठून कठड्याशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "ती पुढची बोट. तिचा दिवा कुठला आहे?"

इतक्या वर्षांत त्यानं उघडपणे असं कधी विचारलं नव्हतं. मी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली, चालत जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"हिरवा," बाबा म्हणाले. "आणि तिच्या मागची परत येतेय ना, तिचा लाल."