उंबऱ्याच्या आत

सांबऱ्याच्या जयाबाईचा खुबा मोडला तो मोरीत पाय घसरून. डॉक्टरांनी आत सळई घातली, टाके निघाले, हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, "आज्जी, आता भरपूर चालायचं बरं का!" त्यांचं काय जातंय म्हणायला! चालून चालून जायचं कुठं? माजघरातनं सोप्यात आणि सोप्यातनं परत माजघरात. घाण्याचा बैल तरी बरा म्हणायचा.

संडास अंगणात, गोठ्याच्या पलीकडं. आणि मध्ये उंबरा. फणसाचा, चांगला वीतभर उंच, आजेसासऱ्यानं बसवलेला. वॉकर त्याच्यावरनं पलीकडं ठेवायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलं की खुब्यातनं निघालेली कळ थेट टाळूपर्यंत जाते.

आईचे हाल बघून पोरानं, साईराजनं, एका रविवारी गवंडी आणला आणि अंगणातनं दारापर्यंत सिमेंटचा झकास उतार करून घेतला. उंबरा तेवढा काढायचा राहिला, कारण जयाबाईचे मालक मारुतीराव आडवे आले. "माझ्या जिवात जीव हाय तवर उंबऱ्याला छिन्नी लागणार न्हाय. लक्ष्मी येती तिथनं!" बरं, वरनं फळी टाकू म्हटलं, तर म्हणाले, "फळीवर पाय म्हंजे उंबऱ्यावरच पाय की रं." झालं! उताराचं कौतुक करायला सगळी गल्ली लोटली. आता त्याच्यावरनं साईराजची स्कूटर चढते, कोंबड्या तिथं ऊन खातात, आणि जयाबाई आतनं बघत बसते.

तिच्यासाठी माजघरात पडद्याआड कमोडची खुर्ची. खालचं भांडं सून मंगल नेऊन ओतते, धुते. मंगल एका शब्दानं बोलत नाही, पण ती तोंड फिरवून भांडं उचलते तेव्हा जयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून ती पाणीच पीत नाही. चहा अर्धा कप, तोही नको नको म्हणत. "तोंड पार सुकलंय की गं वैनी," म्हणून नणंद अक्काताई हळहळली, तर जयाबाई तिच्यावरच खेकसली.

त्या दिवशी मंगलनं भांडं धुतलं, पाण्याच्या टाकीजवळ उन्हात पालथं घातलं आणि बस चुकेल म्हणून कामाला पळाली. भांडं आत ठेवायचं राहिलंच. दुपारी जयाबाईला घाई लागली तेव्हा खुर्चीखाली नुसती फरशी.

"अवो!" तिनं हाक मारली. मारुतीराव बाहेर कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. "तेवढं भांडं द्या की आत."

"कुठलं?" मग त्यांना ते दिसलं. "त्याला मी हात लावू? आगं, मंगल येतीया की सांजचं."

"तवर काय गाठ मारून ठिवू?"

"दम धर जरा. तुझं आपलं सगळं घाईचं."

दम! जयाबाईचं टाळकंच फिरलं. ती वॉकर ढकलत दारात आली. तो उचलायला गेली तर कळ आली. मग दिला सोडून वॉकर, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि बरा पाय उचलून सरळ उंबऱ्यावर ठेवला.

"पाय! आगं, पाय लागला!" मारुतीराव धोतर सावरत धावले.

"लागू दे. नांदायला आल्यापासनं रोज धुतलंय ह्याला, हळद-कुंकू लावलंय. मी पडल्यापासनं पाण्याचा थेंब तरी कुणी टाकलाय का ह्याच्यावर? तवा न्हाय आठवली तुमची लक्ष्मी? हात द्या मला."

मारुतीराव जवळ आले. पण हात द्यायच्या आधी ते वाकले, उंबऱ्याला बोटं लावली, ती छातीला लावली, परत उंबऱ्याला लावली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. चूक पोटात घाल म्हणाले असतील. इकडं तिचा दुखरा पाय आत, बरा पाय वर, सगळा भार चौकटीवरच्या हातांवर, आणि हा बाबा लाकडाच्या पाया पडतोय!

तेवढ्यात व्हायचं ते झालं. लुगडं भिजलं, उंबरा भिजला, मारुतीरावांची बोटंही भिजली.

जयाबाईला मेली लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा संताप जास्त येत होता. मारुतीराव उठले आणि टाकीकडं वळले.

"बादली आणतो. धुवाय पायजे आधी."

"काय धुताय?"

"उंबरा."

"उंबरा ऱ्हाऊ दे त्यो. आधी मला लुगडं आणा."

मारुतीराव परत फिरले. तिला तशीच दार धरून उभी ठेवून, अंग चोरून, उंबऱ्याला पाय न लावता आत गेले. माजघरात जाऊन थांबले. पेटी उघडून बघितली, कपडे वाळत घालायची दांडी बघितली, कपाटाला हात लावला आणि मागं घेतला.

"लुगडी कुठं असत्यात गं तुझी?" त्यांनी आतनं विचारलं.

हाड मोडलं त्या दिवशीसुद्धा जयाबाई रडली नव्हती. आता चौकटीला डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.