दोन्हीकडचे पाहुणे

दुपारी बारा वाजता, शहर आणि गाव यांच्या अर्ध्या वाटेवरच्या बसस्थानकावर दोन सख्खे भाऊ बायकापोरांसह समोरासमोर आले. दोघेही न कळवता एकमेकांकडेच राहायला निघाले होते. गाडी बदलायला उतरले, एवढंच.

थोरला शहरात फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश खात्याचा मुकादम. धाकट्याच्या गोठ्यात गाई, दूध जायचं गावच्या डेअरीत. मंदीत कारखाना बंद पडला, डेअरीही बंद पडली. पण दर रविवारी फोनवर दोघांच्या बढाया चालूच. "ओव्हरटाइमने जीव नकोसा झालाय," थोरला सांगे. "इकडे दुधाला भांडी पुरत नाहीत," धाकटा रिकाम्या गोठ्यातून ओरडे. आपण थाप मारतोय, समोरचा मात्र खरं बोलतोय, असा दोघांचाही प्रामाणिक समज. घराण्याचा गुणच तो.

थोरल्याच्या बायकोने, थोरलीने, सकाळीच भाड्याच्या खोलीची किल्ली मालकाच्या हातावर ठेवली होती. दिराकडे सोय झाली नाही, तर आज पोरींना निजवायचं कुठे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने जावेचं सामान न्याहाळलं. ट्रंक, गाद्यांची वळकटी, टोपलीत कोंबडी. पाहुणचाराला कोणी कोंबडी घेऊन निघत नाही. जाऊ तिच्या मांडीवरच्या कुकरकडे बघत होती.

"ताई, कुकर दुरुस्तीला काढलात?"

"हो. आणि ही कोंबडी?"

"हवापालटाला."

मग जाऊ हळूच म्हणाली, "घर विकलं. तुमची खोली?"

"सोडली."

तिकडे भावांची ओढाताण रंगात आली होती.

"अरे, तुला न्यायलाच निघालो होतो! चल शहरात."

"छे, दादा! आधी गावी. पोरींना जरा ताजं दूध मिळू दे."

थोरली उठून त्यांच्यात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, तुमच्या घरात आता कोण राहतं?"

धाकट्याने घसा खाकरला. "आहेत एक. म्हटलं, भाव चांगला येतोय, काढून टाकावं."

"आणि तुम्ही? खोली का सोडली, सांगा की भावाला."

"लहान पडत होती," थोरला म्हणाला. "मोठी बघतोय."

"शाब्बास!" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

थोरलीने कपाळाला हात लावला. जावेने टोपलीवरचं फडकं नीट केलं.

संध्याकाळी शहराची शेवटची बस लागली, शेजारीच गावाचीही. भाऊ एकमेकांच्या पिशव्या धरून "आधी आमच्याकडे" म्हणत उभे होते. दोन्ही गाड्या निघून गेल्या, तेव्हा दोघांनीही हळहळ व्यक्त केली आणि पिशव्या खाली ठेवल्या.

इथे स्टोव्ह पेटवला तर चालेल का, असं थोरलीने चौकीदाराला विचारलं आहे. तो साहेबांना विचारायला गेला आहे. अजून परतलेला नाही.