नानासोंच्या मानेचा उजवा स्नायू

मी नानासोंच्या मानेतला उजवा स्नायू बोलतोय. कानामागून निघून तिरका उतरतो आणि गळ्याच्या खळीपाशी छातीच्या हाडाला लागतो. नानासोंनी डावीकडं बघितलं की जो दोर ताणलेला दिसतो, तो मी. राहतो उजवीकडं आणि तोंड फिरवतो डावीकडं. माझा कारभारच उफराटा.

माझ्यावर स्नायूचाच एक पातळ पदर आहे. नानासो दाढी करताना ओठ खाली ओढतात तेवढ्यापुरता तो जागा होतो. आम्हा दोघांच्या मधून एक शीर जाते. ती भलती तापट. नानासो ओरडले की टम्म फुगते. राबायला मात्र मी. फौजेत सतरा वर्षं 'बाएँ देख' म्हटलं की मीच राबलो, शाबासकी नानासोंना.

गेल्या वर्षी वैशाखात त्यांच्या भाच्याचा, वीरधवलचा, सांगलीत साखरपुडा होता. मामा म्हणजे पहिल्या मानाचे. लोणंदला एसटीत बसले आणि खिडकीला डोकं टेकून सांगलीपर्यंत घोरले. मी लोंबकळलो. उतरताना जो आखडलो तो आखडलोच. कान उजव्या खांद्याकडं, हनुवटी वर, तोंड डावीकडं.

हॉलच्या दारात मुलीचे वडील, कृष्णात, हात जोडून उजवीकडं उभे होते. नानासोंची नजर डावीकडच्या पंख्यावर.

"मामा, आमचं काय चुकलं का?"

"चुकलं न्हाई. जरा मानेचं हाय," नानासो दातांतून पुटपुटले.

कृष्णातांनी ऐकलं 'मानाचं'. झालं. शाल आली, नारळ आला, फेटा आला. फेटेवाल्यानं डोक्याला हात लावताच मी असा कळवळलो की नानासो ओरडलेच, "नगं, फेटा नगं."

कृष्णातांच्या गळ्यावरची शीर अशी फुगली की माझी शेजारीणही वरमली.

"आमचा फेटा चालत न्हाई, तिथं पोरगी न्हाई द्यायची," ते म्हणाले. वीरधवल पांढराफटक पडला. माझ्यापायी पोराचं लग्न मोडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नवरी मुलगी सृष्टी पाटावरून उठली. ती फिजिओथेरपी शिकते. तिनं येऊन मला दोन बोटांच्या चिमटीत धरलं.

"आप्पा, हे मानाचं न्हाई, मानेचं हाय. हात लावून बघा, लाकूड झालंय."

कृष्णातांनी हात लावला आणि स्वतःच गरम पाण्यात टॉवेल पिळून आणला. शेक बसला तसा मी सैल पडलो. पुरता नाही, पण कामापुरता. नानासोंनी व्याह्यांकडं बघितलं आणि मान खाली घातली. "बांधा आता, पर हळू."

लग्न थाटात झालं. माझी आजही एवढीच विनंती आहे, प्रवासात मानेला उशी घ्या. आता आमच्या पाहुण्यांत कुणी कार्यात तोंड फिरवून बसलं की सृष्टी आधी त्याची मान चाचपते. ती सांगते, बहुतेकांचा स्नायू मऊच लागतो. त्यांना शेकानं उतार पडत नाही. फेटाच लागतो.