मळलेल्या कडेचा मान

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्या पानांची पुढची कड मळून काळपट झाली आहे. हे मी लाजत सांगत नाही, चांगलं मिरवून सांगतो आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. मोठमोठे कागद छापले गेले, घड्या घालून शिवले गेले आणि शेवटी कापायच्या यंत्राचं पातं माझ्या तिन्ही बाजूंवर उतरलं. तेव्हा माझ्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. यापेक्षा देखणं जगात काही नसेल, असं मला वाटायचं.

मग मी एका शाळेच्या ग्रंथालयात आलो. माझ्यातल्या प्रत्येक शब्दापुढे कंसात एक-दोन बारीक अक्षरं आहेत. तो शब्द कुठल्या भाषेतून आला, त्याची ती खूण. बहुतेक लोक ती वगळून थेट अर्थाकडे धावतात. ग्रंथालयाच्या बाई मात्र तिला 'शब्दाचं माहेर' म्हणत.

दर वर्षी नवा वर्ग आला की बाई गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट बंद ठेवत आणि चावी उंच धरत.

"हिचं माहेर शोधा, मग कपाट उघडते!"

की माझ्यावर उड्या! कोणी 'ज'मध्ये शिरायचं, कोणी 'घ'कडे मागे पळायचं. अखेर सापडायचं: कंसात 'पो.'

"बाई, पो म्हणजे?"

"खुणांचा खुलासा पहिल्या पानांवर आहे. सगळं मीच सांगायचं, तर हा जाडोबा कशाला ठेवलाय?"

चावी पोर्तुगीज निघायची. मग मुलं सुटायचीच. कागद फारसी, खुर्ची अरबी, कपाट संस्कृत. सापडलं की पेन्सिलीने समासात चार शब्द लिहायची मुभा होती. चावीशेजारी कोणीतरी लिहिलं आहे, 'जहाजातून आली.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'हरवली नाही, नशीब!' खुर्चीशेजारी आहे, 'पाहुणी असून आपल्यालाच बसायला देते.'

इतक्या हातांनी माझी पाठ निसटली आणि पानं सुटी झाली. एखादं हरवेल म्हणून मला खालच्या कप्प्यात ठेवलं. मुलांचे पाय दिसायचे, बोटं मात्र यायची नाहीत. ते दिवस फार कंटाळवाणे गेले. शेवटी बाईंनी शिपाईकाकांबरोबर मला बाइंडरकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी मला शोधत आली. सतत शंका काढते म्हणून तिला सगळे 'शंकासुर' म्हणत.

"बाई, जाडोबा कुठाय?"

"बांधायला दिलाय गं."

"कड नाही ना कापणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! ते सांगायचंच राहिलं!"

इकडे बाइंडरने मला यंत्रात दाबून धरलं होतं. पानांच्या कडा झिजून वेड्यावाकड्या झालेल्या, म्हणून अर्धा इंच कापायचा त्याचा विचार होता. त्या अर्ध्या इंचात मुलांची निम्मी अक्षरं होती. डोक्यावर पातं चकाकत होतं. एके काळी ज्या पात्याने मला देखणं केलं, तेच आता मुलांची अक्षरं खायला निघालं होतं.

"काका, थांबा!" शंकासुर धापा टाकत दारात उभी राहिली. मागून बाई आल्या.

"अहो, इतकी घाण ठेवून पुस्तक परत देऊ? लोक म्हणतील, काम अर्धवट टाकलं," बाइंडर म्हणाला.

"घाण असती, तर सगळीकडे सारखी बसली असती," मुलगी म्हणाली. "इथे बघा, फिकट. इथे गडद. जिथे बोटं जास्त, तिथे काळं जास्त. हा आलेख आहे, काका. सगळ्यात काळं आहे तिथे उघडा ना."

बाइंडरने यंत्राचं चाक सैल केलं आणि मला उघडलं. 'च' आला. चावी आली. चहूबाजूंनी पेन्सिलीची अक्षरं. वाचता वाचता तो हसायला लागला. खिशातून दुकानाची चावी काढून त्याने निरखून पाहिली.

"ही पोर्तुगीज? आणि इतकी वर्षं माझ्या खिशात? बरं, माझी ही कात्री कुठली गं?"

"सांगणार नाही. शोधा."

"बाईंची चेली शोभतेस!"

तो शोधू लागला. 'ख'मध्ये गेला, मागे आला, ओळीवरून अंगठा फिरवत थांबला. "कर्तरी. संस्कृत. म्हणजे ही घरचीच म्हणायची!"

त्याने मला कापलं नाही. फाटक्या कडांना खळ लावून पातळ कागद चिकटवला, मला पुन्हा शिवलं आणि नवी भक्कम पाठ दिली. आता मी परत वरच्या कप्प्यात आहे. कात्रीच्या पानावर त्याच्या अंगठ्याचा खळीचा डाग आहे. तोही मी मानाने बाळगतो.

मित्रांनो, माझ्याकडे येताना हात धुऊन या, पानं दुमडू नका, फाडू नका. पण मी मळेन म्हणून यायचं थांबू नका. कोणी हात न लावल्यामुळे राहिलेला पांढरेपणा मला नको. माझ्या 'ढ'च्या पानांची कड अजून कोरी आहे. 'ढ' म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही, त्यामुळे तिकडे फारसं कोणी जातच नाही. पण ढग तिथेच आहे, ढोलही तिथेच आहे. त्यांचं माहेर कोण शोधतं? तिथे पहिलं बोट कोणाचं?