नवरी पळाली

आमची अरुंधतीताई रोज धावते. लोक 'मी रोज योगा करतो' म्हणतात तसं नाही, खरोखरचं रोज. कमीत कमी दोन किलोमीटर, मग ताप असो, दिवाळी असो की ऑफिसचं ऑडिट. घरी असली की कामोठ्याच्या सेक्टरांमधून, रिक्षावाले जागे व्हायच्या आत. प्रवासात असली की जिथं असेल तिथं. इंदूरच्या हॉटेलात तिनं गॅलरीत येरझाऱ्या घातल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरून तक्रार आली. भुसावळला गाडी पंचवीस मिनिटं थांबली, तर ही प्लॅटफॉर्मवर धावत सुटली. डब्यातल्या लोकांना वाटलं, हिची पर्स चोरीला गेली. दोन भले गृहस्थ चोर पकडायला खाली उतरलेसुद्धा.

मी तिची धाकटी बहीण, रुचिरा. लिफ्टचं दार समोर बंद होत असलं तरी मी पाऊल उचलत नाही.

या वेडाला कारण होतं. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी ताईचं ठरलेलं लग्न मोडलं. हळदीच्या आदल्या दिवशी, तेही फोनवर. घरात रडारड, आईनं अंथरूण धरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई जुने बूट घालून बाहेर पडली. परत आली ती घामाघूम होऊन. म्हणाली, "रुचि, एवढं एक मी ठरवलं आणि झालं." तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. तिच्या लग्नाचा दिवस उजाडणार होता तो आठशे चव्वेचाळिसावा.

हो, लग्न ठरलं. कल्पेश उरणचा, बंदरात नोकरीला. कोळ्यांचं घर, मनानं मोकळी माणसं. स्वतः कल्पेश माझ्याच जातकुळीचा; बस सुटली तर दुसरी येईल म्हणणारा. तरी दोघांचं जमलं कसं, ते दोघांनाच ठाऊक.

हॉल पनवेलला घेतला, वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या दिवशी दोन्हीकडची मंडळी मुक्कामाला. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्या. संध्याकाळी वरून नवऱ्याची उष्टी हळद आली, ताईला लागली, आणि आमच्या आईनं, म्हणजे शशिकलाबाईंनी, फर्मान काढलं.

"आता अक्षता पडेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हातातली सुरी सोडायची नाही. नवऱ्यासमोर जायचं नाही. आणि रुचिरा, तू करवली आहेस. नवरीला एकटं सोडायचं नाही."

सुरी म्हणजे टोकाला लिंबू खोचलेली. हळद लागल्यावर हातात लोखंड हवं असतं.

"आई, सकाळी फक्त दहा-पंधरा मिनिटं..." ताई म्हणाली.

"तुझे बूट मी ठेवलेत. उद्या मिळणार नाहीत."

आई असं बोलली की विषय संपतो. सगळ्या मावश्या-काकवाही तिच्याच बाजूच्या. "लग्नानंतर बंदच होणार आहे की गं. एक दिवस आधी झालं, त्यात काय!" हे जिनं तिनं ऐकवून झालं होतं.

पहाटे जाग आली तर ताई पलंगावर बसलेली. अंगावर हळदीचा पिवळा ड्रेस, कपाळाला मुंडावळ्या, हातात सुरी.

"सातला मेकअपवाली येईल," ती म्हणाली. "मग मुहूर्त, मग जेवणं, मग वरात. आत्ताच काय ते. आज चुकलं ना रुचि, तर उद्या उरणला कुणीतरी म्हणेल, नव्या नवरीनं कुठं धावायचं? आणि परवा मीच म्हणेन."

लग्न मोडलं तेव्हा न रडलेली ही बाई, आणि आता दोन किलोमीटरसाठी डोळ्यांत पाणी. मला इतका राग आला, सगळ्यांचा, की मी चादर फेकून उठले. "चल. आईनं तुला एकटं सोडू नको म्हटलंय ना? मी येते."

बोलून बसले खरी, पण धावायचं म्हणजे मलाही धावायचं होतं, हे जिना उतरताना लक्षात आलं.

फाटकाशी कल्पेशची आजी, सोनाबाई, मिश्री लावत बसली होती. तिनं ताईच्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

"कंदर चालली नवरी?"

"आजी, तलावाला फेऱ्या मारून येते. धावत. लगेच येते."

म्हातारी तोंडातलं बोट तसंच ठेवून विचार करत राहिली. मग पचकन थुंकली. "मी लगीन होऊन आले नि चौथ्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराकडं पलाले. जी आदी पोचंल, तिची मासली आदी खपंल. तवा आमाला कोनी इचारला नाय." तिनं माझ्याकडं बोट केलं. "ही संगं हाय ना? मंग जा. सुरी सोडू नको."

आम्ही सुटलो!

तलावाच्या कडेनं फिरायला आलेली मंडळी आधी नुसती बघत राहिली. पिवळीधम्मक नवरी, अनवाणी, मुंडावळ्या कानामागं उडताहेत, हातात सुरी, आणि मागं एक जाडी मुलगी धापा टाकतेय. वाट भराभर मोकळी झाली. टोपी घातलेले एक आजोबा आमच्याबरोबर चार पावलं धावले आणि हळूच म्हणाले, "बाळ, जबरदस्ती होत असेल तर सांग. माझा पुतण्या वकील आहे."

ताई इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसले आणि माझ्या बरगडीत कळ आली. पण गंमत सांगू? थांबावंसं वाटेना. गार वारा, लिंबाचा वास, पुढं ताईची पिवळी पाठ. पहिल्यांदा कळलं, ही बया रोज काय मिळवून घरी येते ते.

आणि तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या मजल्यावरून कल्पेशच्या बुधाजीकाकांची आरोळी आली. दात घासता घासता त्यांनी गॅलरीतून खाली पाहिलं होतं.

"अरं उठा! नवरी पलाली!"

पुढचं सगळं मला नंतर सोनाबाईनं सांगितलं. खिडक्या उघडल्या, दिवे लागले, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. आई जिन्यावरून उतरली ती कठडा धरून. सोनाबाई फाटकातून ओरडत होती, "पलाली नाय रं येड्यांनो, पलते हाय!" पण दोन्हींतला फरक ऐकायला कुणाला सवड होती?

आम्हाला दिसला तो कल्पेश. बनियनवर, अंगभर हळद, स्वतःची सुरी परजत तलावाच्या कडेनं धावत येत होता. बससाठी न धावणारा कल्पेश!

"अरुंधती!" तो ओरडला. "पळून चाललीस?"

"पळायला चाललेय!" ताई न थांबता ओरडली. "अजून सहाशे मीटर!"

तो जागच्या जागी वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागला, आणि हसता हसता रडायलाही. मग उठून तिच्या बाजूनं धावू लागला. आता माझ्या डोक्यात आईचं तिसरं कलम वाजलं: नवऱ्यासमोर जायचं नाही! मी ओढणी काढली, दोघांच्या मधे घुसले आणि ती दोन्ही हातांनी उंच धरली. इकडं नवरी, तिकडं नवरा, मधे धावता अंतरपाट. त्या टोपीवाल्या आजोबांनी आता टाळ्या वाजवल्या.

वळणावरच्या बाकाशी आई उभी होती. तिचा चेहरा पाहून माझं हसू मावळलं. त्या फोनच्या दिवशी होता तोच चेहरा. ताई थांबली. तिच्या मनगटावरच्या धावायच्या घड्याळात चारशे मीटर बाकी होते.

"आई, मी कुठं जात नव्हते गं," ती म्हणाली. "खरंच."

आईनं तिच्या दंडाला घट्ट धरलं, जणू ती खरी आहे की नाही ते बघत होती. मग तिच्या पायांकडं पाहिलं. "मला फक्त आजच्या दिवसाची भीती होती," ती म्हणाली. "अनवाणी धावलीस होय?"

"बूट तुझ्याकडे आहेत."

आई बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "किती राहिलंय?"

"चारशे."

"संपव आणि ये. मेकअपवाली खोळंबेल."

अकरा सत्तेचाळीसला अक्षता पडल्या. बुधाजीकाका प्रत्येक पंगतीत 'नवरी पलाली' सांगत होते, आणि प्रत्येक पंगतीत तलाव मोठा होत होता.

पाठराखीण म्हणून मीच उरणला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंग असं ठणकत होतं की कूस बदलवेना. ताई अंधारात बसून होती. बाहेर कोंबडं आरवत होतं आणि सोनाबाईचं खाकरणं ऐकू येत होतं. आठशे पंचेचाळीस.

"पुन्हा अनवाणी जाते," ताई म्हणाली. "टॉवेल दे जरा. आईनं भरलेल्या बॅगेत असेल."

ती मोठी बॅग आईनं एकटीनं भरली होती आणि कुलूप लावून किल्ली कालच, निघताना, माझ्या हातात दिली होती. बॅग हळदीच्या संध्याकाळपासून बंद होती. मी उघडली. टॉवेलखाली जुन्या साडीत गुंडाळलेले ताईचे बूट होते. धुऊन लख्ख केलेले, पांढऱ्या कोऱ्या नाड्या ओवलेले, आत मोज्यांची घडी.

त्यांच्या खाली आणखी एक जोड होता. नवा कोरा, चार नंबर. ताईला सहा लागतो.

मी आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, हे चार नंबरचे..."

"तुझेच आहेत," आई म्हणाली. "घाल आणि जा. नवरीला एकटं सोडायचं नाही, सांगितलंय ना?"