मिस्त्रीची नजर

फरशी घालणारे खरे मिस्त्री जगात दोनच, एक आपण आणि दुसरा अजून जन्मायचाय, असं मिस्त्रीचं ठाम मत होतं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी हातातल्या पेल्यातलं घोटभर पाणी तो जमिनीवर सांडायचा, कुठे पळतं ते बघायचा आणि विचारायचा, "कुठल्या गाढवाने घातली ही फरशी?" घरची माणसं बिचारी फडकं शोधत फिरायची. फरशीचा उतार दाखवणारी लेव्हलची पट्टी त्याने कधीच सोडून दिली होती. ती म्हणे शिकाऊ लोकांसाठी, आपली नजर हीच लेव्हल.

त्याची लेक बिट्टी आठ वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय जन्मापासून ताठर. चार चाकांचा वॉकर मिळाला तेव्हा कुठे ती जवळच्या शाळेत जायला लागली. पण शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात वॉकर डावीकडे जायचा, भिंतीवर आपटायचा, मागून येणारी पोरं त्यावर धडकायची. मोठ्या बाईंनी निरोप धाडला की पोरीची डावी बाजू लुळी पडत चाललीय, चाकाच्या खुर्चीत बसवा नाहीतर दुसरी शाळा बघा, सोमवारी काय ते ठरवू.

"बाबा, फरशी ओढते मला," बिट्टी म्हणाली.

मिस्त्री पोट धरून हसला. तो व्हरांडा त्यानेच घातला होता, उद्घाटनाच्या घाईत, एका दिवसात. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" पोरीने पुन्हा तो विषय काढला नाही.

दोष वॉकरचा, हे त्याने ठरवूनच टाकलं. मुलांचे वॉकर आणि पायाचे पट्टे बनवणाऱ्या कॅलिपरवाल्याकडे वॉकर नेऊन त्याने त्याची सालटी काढली. भंगार विकता, चाकं तिरकी बसवता, लाज वाटत नाही का. कॅलिपरवाला थंड माणूस. त्याने चारही चाकं फिरवून बघितली आणि रिकामा वॉकर हलकेच ढकलला. तो सरळ दारापर्यंत गेला.

"तुझी जमीनच वाकडी असेल. कुठल्या गाढवाने घातली ही फरशी?" असं म्हणून मिस्त्रीने टेबलावरच्या तांब्यातलं पाणी सांडलं. मेलं पाणी जागचं हललं नाही.

पोरीला शाळेतच चालताना बघतो, असं कॅलिपरवाला म्हणाला, आणि सोमवारी शाळा भरायच्या आधी तो व्हरांड्यात हजर झाला. मोठ्या बाई घड्याळ बघत उभ्या होत्या. त्याने रिकामा वॉकर सोडला. वॉकर डावीकडे वळला आणि भिंतीला टेकला. रात्रीत चाक बिघडलं असणार, मिस्त्री म्हणाला.

बिट्टी भिंतीला धरून उभी होती. तिने दप्तरातली पाण्याची बाटली काढली, दातांनी झाकण उघडलं आणि फरशीवर ओतली. पाणी तरातरा डाव्या भिंतीकडे धावलं. कॅलिपरवाल्याला हसू आलं. परवाचं वाक्य त्याच्या डोक्यात होतंच.

"कुठल्या गाढवाने घातली ही फरशी?"

फरशी कुणी घातली ते मोठ्या बाईंना ठाऊक होतं, त्या मिस्त्रीकडे बघायला लागल्या. बिट्टी बुटांकडे बघत राहिली. बापाचं नाव तिने सांगितलं नाही. मिस्त्रीला तेच जास्त लागलं.

"मी," तो म्हणाला. पोरीला कुठेही पाठवू नका, रविवारी अख्खा व्हरांडा उखडून पुन्हा घालून देतो, असं खाली मान घालून बाईंना म्हणाला.

बिट्टीने बाटलीचं झाकण लावलं.

"बाबा," ती म्हणाली, "या वेळी पट्टी घेऊन ये."